ओल्या मातीतली पत्रं

(मंडळाच्या व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोमन म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरची ब्रह्मपुरी आठवते. तिथल्या उत्खननात निघालेली पोसायडनची छोटी काशाची मूर्ती तुमच्यापैकी काहींनी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली असेल. रोमन साम्राज्य आपल्या ओळखीचं आहे ते असं, व्यापाराच्या वाटेनं आलेलं. आज आम्ही तुम्हाला त्याच साम्राज्याच्या अगदी उलट्या टोकाला नेणार आहोत, इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंड परगण्यात. तिथे व्यापाऱ्यांपेक्षा शिपाई जास्त होते आणि उन्हापेक्षा पाऊस.

आमची मुलगी नोकरीनिमित्त न्यूकॅसलला असते, त्यामुळे दोन उन्हाळे तिथे काढता आले. आमच्यापैकी एकानं आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, दुसरीनं इतिहास. घरी या दोन विषयांचं फारसं पटत नाही. एकाला भिंतीवरचं शेवाळ बघायचं असतं, दुसरीला भिंत. या सरहद्दीवर मात्र आमचं भांडण मिटलं, कारण तिथे शेवाळ आणि दलदल नसती तर सांगण्यासारखा इतिहास निम्मासुद्धा उरला नसता. आजचं भाषण त्याबद्दलच आहे.

आधी जमीन समजून घेऊ. न्यूकॅसलहून पश्चिमेला निघालं की तासाभरात वस्ती विरळ होते. उघडी माळरानं, मेंढ्या, दगडी कुंपणं, आणि मध्येच लाटेसारखी उठून उत्तरेकडे एकदम तुटलेली काळ्या कड्यांची रांग. तिला व्हिन सिल म्हणतात. सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीच्या पोटात थरांमध्ये शिरला आणि तिथेच थिजला, तो हा डोलेराइट दगड. रासायनिकदृष्ट्या तो आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा सख्खा नातेवाईक आहे. आपला लाव्हा जमिनीवर येऊन पसरला, तोही अलीकडे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. यांचा आतच राहिला. पुढे हिमयुगात बर्फानं वरचे थर खरवडून काढले, कडे उघडे पडले आणि त्यांच्या पायथ्याशी खोलगट जागांत पाणी साठलं. क्रॅग लॉख, ग्रीनली लॉख, ब्रूमली लॉख ही तिथली तळी. काही खोलगट जागा भरत गेल्या आणि त्यांच्या दलदली झाल्या. दलदलीत वाढतं ते स्फॅग्नम शेवाळ. स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवणारं. ते मरतं पण पुरतं कुजत नाही, कारण त्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि आम्ल भरपूर असतं. अशा अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा थर चढत जातो, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. त्याला पीट म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

या कड्यांवरून रोमनांची भिंत जाते. सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच्या हुकुमावरून ती बांधायला घेतली. पूर्व किनाऱ्याजवळच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे जवळपास ११७ किलोमीटर. दर मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांमध्ये दोन बुरूज. तीन रोमन लीजननी ती उभारली. भिंतीच्या कडेनं जी बस जाते तिचा क्रमांक 'एडी १२२' आहे. इतिहासाची सनावळी पाठ होण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला अजून सापडलेला नाही.

भिंतीची हकिगत आम्ही इथेच थांबवतो. ती भव्य आहे, तिचे फोटो सगळीकडे आहेत, आणि निम्मी गेली आहे. १७४५ च्या बंडानंतर सरकारनं फौजेसाठी रस्ता केला तो मैलोन् मैल भिंतीच्याच पायावरून. शेतकऱ्यांनी दगड नेले. रस्त्याच्या खडीसाठी काढलेल्या खाणींनी कडा आणि भिंत दोन्ही पोटात घातली. जॉन क्लेटन नावाच्या न्यूकॅसलच्या एका अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात भिंतीलगतची शेतं एकामागून एक विकत घेतली, म्हणून आज बघायला काही आहे.

आम्हाला भिंतीपेक्षा तिच्या दक्षिणेला दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या विंडोलंडाबद्दल बोलायचं आहे. ही छावणी भिंतीच्याही आधीची, साधारण इ.स. ८५ पासूनची. इथे राहिलेले शिपाई इटलीचे नव्हते. टुंग्रियन लोक आजच्या बेल्जियमचे, बटावियन लोक ऱ्हाईनच्या मुखाजवळचे, म्हणजे आजच्या हॉलंडमधले. पंचवीस वर्षं चाकरी केली की रोमचं नागरिकत्व मिळे. छावणीभोवती दुकानं, भट्ट्या, देवळं, बायकापोरं अशी वस्ती उभी राहिली. शिपायांना कायद्यानं लग्नाची परवानगी नव्हती, पण बराकींत लहान मुलांची पायताणं सापडली आहेत, तेव्हा कायदा आपल्या जागी आणि संसार आपल्या जागी असंच चाललं होतं.

हे ऐकताना तुम्हाला काही ओळखीचं वाटत असेल तर नवल नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचं नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला, तो उठलाच नाही. कंपू, शिंदे की छावनी ही आपल्या रोजच्या पत्त्यातली नावं आहेत, आणि रिक्षावाल्याला ती सांगताना आपल्या मनात तोफा-तंबू येत नाहीत. नॉर्थंबरलंडच्या आसपासही तसंच आहे. चेस्टर्स, लँचेस्टर, एबचेस्टर. शेवटचा 'चेस्टर' म्हणजे लॅटिन 'कास्त्रा', छावणी. तिथले लोकही ते नाव घेताना भाजी आणायला निघालेले असतात.

विंडोलंडाच्या लाकडी छावण्या आठ-दहा वर्षांत जुन्या होत. नवी पलटण आली की जुनी इमारत पाडायची, वर चिकणमाती आणि गवताची ढेकळं अंथरायची, आणि त्यावर नवी बांधायची. असे थरावर थर चढले. खालच्या खोल्यांच्या जमिनीवर नेच्याची पानं आणि पेंढा अंथरलेला होता, सारवायच्या भानगडीत न पडता वरून आणखी टाकत गेलेला. त्यात हाडं, चामड्याचे तुकडे, आणि गोठ्यातल्या चावऱ्या माश्यांचे कोश हजारोंनी. वाचताना नाक दाबावंसं वाटतं. पण या ओल्या, चिकणमातीनं वरून बंद केलेल्या कचऱ्यात हवा शिरली नाही, आणि हवा नाही म्हणून कुजणं नाही. पाच हजारांहून जास्त पायताणं तिथून निघाली आहेत. लाकडी वस्तू, कापडाचे तुकडे, २०१७ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या चामडी हातमोज्यांची एक जोडी. हाडांवर आणि लोखंडावर कधी कधी निळीसारखी पूड दिसते. तिला व्हिव्हियनाइट म्हणतात. लोह आणि फॉस्फेट यांचं हे संयुग अशाच हवाबंद चिखलात तयार होतं, जमिनीत असेपर्यंत पांढुरकं असतं आणि उजेड-हवा लागली की निळं होतं. इतिहासवालीला पहिल्यांदा तो कुणीतरी सांडलेला रंगच वाटला होता.

१९७३ च्या मार्चमध्ये रॉबिन बर्ली यांना एका चरात लाकडाच्या पातळ चिपा सापडल्या. दोन चिपा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या सोडवल्यावर आत शाईच्या रेघा दिसल्या, आणि बघता बघता हवेत फिक्या होऊन गेल्या. मग न्यूकॅसलच्या विद्यापीठात अवरक्त किरणांनी फोटो घेतले तेव्हा अक्षरं परत आली. आज अशा सतराशेहून अधिक फळ्या सापडल्या आहेत. त्या साधारण पोस्टकार्डाएवढ्या, एक ते तीन मिलिमीटर जाड, मधून दुमडलेल्या असतात. लाकूड तिथल्याच बर्च आणि आल्डरचं. बर्च म्हणजे आपला भूर्ज. तोच वंश, फक्त आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जाची साल सोलून त्यावर लिहीत आणि यांनी खोडच तासलं.

अक्षराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. शिलालेखांतलं लॅटिन ठसठशीत, एकेक अक्षर सुटं, आपल्या बाळबोधसारखं. या फळ्यांवरचं लॅटिन हात न उचलता भरभर लिहिलेलं, मोडीसारखं. शिलालेख घडाघडा वाचणाऱ्या विद्वानांनाही ते लागत नव्हतं. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या दोघांनी वर्षानुवर्षं बसून ते लावलं. घरात आजोबांचा मोडीचा रुमाल असूनही तो कुणाला वाचता येत नाही, अशी घरं या सभागृहात किती असतील हे विचारायचा मोह आम्ही आवरतो.

आता त्यांत लिहिलंय काय? लढाया जवळजवळ नाहीतच. एका फळीवर टुंग्रियन पलटणीची हजेरी आहे, १८ मेची. पटावर ७५२ माणसं. त्यातली ४५६ बाहेरगावी, पैकी ३३७ कोरिया नावाच्या ठाण्यावर आणि ४६ सुभेदाराच्या पहाऱ्याला. छावणीत हजर २९६. त्यातले १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. उरले २६५. 'अजिंक्य रोमन सेना' म्हणून आपण जे सिनेमात बघतो ती कागदावर अशी दिसते. निम्म्याहून जास्त डेप्युटेशनवर, आणि दहा जण डोळे चोळत बसलेले.

ऑक्टेवियस नावाचा एक माल पुरवणारा लिहितो की धान्य घेतलंय, पाचशे दिनार लवकर पाठव, नाहीतर दिलेला विसार बुडेल आणि माझी अब्रू जाईल. कॅटरिकला कातडी पडली आहेत, ती उचलायला गेलो असतो, पण रस्ते वाईट आहेत. मॅस्क्लस नावाचा एक तुकडीप्रमुख उद्याचा हुकूम काय म्हणून अदबीनं विचारतो आणि जाता जाता कळवतो की पोरांची बिअर संपली आहे. कुणीतरी कुणालातरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि अंतर्वस्त्रांचे दोन जोड पाठवल्याचं लिहिलंय. क्राउटियस नावाचा शिपाई जुन्या सोबत्याला रागावतो, इतके दिवस झाले तुझं एक पत्र नाही. फौजेतल्या माणसांची नातवंडं आहोत आपण, ही वाक्यं आपल्याला परकी नाहीत.

एक फळी मात्र वाचून आम्ही दोघं गप्प झालो. गव्हाचा हिशेब लिहिलेल्या फळीच्या पाठीवर एका व्यापाऱ्यानं अर्जाचा मसुदा केला आहे. त्याला छड्यांनी रक्त येईपर्यंत मारलं गेलं आहे. त्याचं म्हणणं असं की मी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे, निरपराध आहे, मला न्याय मिळावा. पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही. एवढं दिसतं की परमुलखात मार खाल्लेल्या माणसानं दाद मागताना आपण इथले नाही हेच पहिल्यांदा सांगितलं.

आणखी एक हिशेबाची फळी आमच्या फार आवडीची आहे. उधारीची यादी आहे, त्यात गँबॅक्स नावाच्या माणसापुढे नोंद आहे, मिरी, दोन दिनार. मिरी फक्त आपल्या मलबारात होत असे. मलबारची वेल, तांबड्या समुद्राची जहाजं, इजिप्तचे उंट, मग भूमध्य समुद्र, मग गॉल, आणि शेवटी धुकं आणि मेंढ्यांच्या या माळावर ऱ्हाईनकाठच्या एका शिपायाच्या ताटात दोन दिनारांची मिरपूड. ब्रह्मपुरीच्या पोसायडननं जी वाट चालली तीच, उलट्या दिशेनं, आणि तिचं अगदी टोक.

बायकांची पत्रंही आहेत. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा या दुसऱ्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याच्या बायकोनं विंडोलंडाच्या किल्लेदाराची बायको सुल्पिकिया लेपिडिना हिला वाढदिवसाचं बोलावणं धाडलं आहे. ११ सप्टेंबरला वाढदिवस, म्हणजे बरेचदा आपल्या गणपतीच्याच दिवसांत. मजकूर कारकुनानं लिहिलाय, सुबक. शेवटच्या ओळी मात्र सेवेरानं स्वतः लिहिल्या आहेत. बाईच्या हातचं लॅटिन अक्षर म्हणून जगात जे अगदी जुने नमुने ठाऊक आहेत त्यांत हे आहे.

ही पत्रं उरली कशी, तेही ऐका. कुणी जपून ठेवलेली नव्हती. इ.स. १०५ च्या सुमारास बटावियन पलटणीला डॅन्यूबकडे जायचा हुकूम झाला. निघताना किल्लेदाराच्या घरची रद्दी आवारात पेटवून दिली. काही फळ्यांच्या कडा जळक्या आहेत. आग पुरती लागलीच नाही, बहुधा पाऊस आला. मग वर माती पडली. म्हणजे आज आपण ज्या घरगुती गोष्टी वाचतो त्या त्या घरच्यांनी जाळायला काढल्या होत्या, आणि तिथल्या पावसानं त्या आपल्यासाठी राखल्या.

एवढी पत्रं असूनही एक आवाज त्यांत नाही, आणि आमच्या मते तिथल्या संग्रहालयांत तो हवा तितका आठवला जात नाही. ज्यांचा हा मुलूख होता त्या ब्रिटन लोकांचा. एका टिपणात त्यांचा उल्लेख आहे 'ब्रिटुंकुली' असा, म्हणजे आपण म्हणू 'ते ब्रिटुर्डे'. त्यांच्या हातचं अक्षर काही नाही, कारण ते लिहीत नसत. पण भिंतीखाली खणल्यावर अनेक ठिकाणी जुन्या मातीत नांगराच्या आडव्याउभ्या रेघा सापडल्या आहेत. कुणाच्या तरी नांगरलेल्या शेतावर भिंत आली. कार्व्होरनला १९१५ मध्ये धान्य मोजायचं एक काशाचं माप सापडलं. त्यावर साडेसतरा सेक्स्टारियस माप कोरलेलं आहे, पण प्रत्यक्षात त्यात त्याहून बरंच जास्त मावतं. लुबाडणूक म्हणा, किंवा आतली खूण निघून गेली म्हणा, विद्वानांत दोन्ही मतं आहेत. आमच्यापैकी जिच्या माहेरी शेती होती तिला पहिलं मत लगेच पटलं.

आता थोडं पशुपक्ष्यांकडे. एका फळीवर शिकारीच्या जाळ्यांची यादी आहे. थ्रश पक्ष्यांसाठी जाळं, बदकांसाठी जाळं, मासे ओढायचं जाळं, हंसांसाठी फासे. उत्तरेकडचे हंस आजही हिवाळ्यात त्या तळ्यांवर उतरतात, त्यामुळे तळ्याकाठी उभं राहून ती यादी वाचली तर पक्षिनिरीक्षकाची वही वाचल्यासारखं वाटतं. माळावर कर्ल्यू नावाचा लांब, खाली वळलेल्या चोचीचा पक्षी विणीला येतो, नॉर्थंबरलंडच्या राष्ट्रीय उद्यानाचं तेच चिन्ह आहे. त्याचे भाऊबंद हिवाळ्यात कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात दिसतात. केसाळ शेवाळाची विणलेली एक टोपीही विंडोलंडाला सापडली, तिचे लांब धागे चेहऱ्यापुढे लोंबतात. ती चिलटांसाठी असावी असं काही जण म्हणतात. तिथली संध्याकाळची चिलटं चावल्यावर आम्हीही तसंच म्हणू लागलो. वॉलटाऊनच्या कड्यावर रानटी कांदापात उगवते. रोमनांनी ती औषधासाठी लावली अशी जुनी समजूत आहे. वनस्पतिशास्त्रवाल्याला ती पटत नाही. काळ्या दगडावरची पातळ, उन्हानं तापणारी माती त्या पातीला आवडते, तिला कुणी लावायची गरज नाही. पण समजूत गोड आहे, राहू द्या.

हाच न्याय त्या प्रसिद्ध झाडाला. कड्यांच्या एका खाचेत एकटं उभं असलेलं सिकमोर, १९९१ च्या रॉबिन हूडच्या सिनेमानं जगभर गेलेलं. २०२३ च्या २७-२८ सप्टेंबरच्या रात्री दोघांनी ते करवतीनं पाडलं. सगळा इंग्लंड हळहळला, खटला चालला, २०२५ मध्ये दोघांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. बुंध्याला पुन्हा धुमारे आले, बियांपासून ४९ रोपं करून ती देशभर वाटली. गंमत म्हणजे सिकमोर तिथलं मूळ झाडच नव्हे, बाहेरून आलेलं. पण कुणी विचारलं नाही की तू इथला का. आम्हाला हे मनापासून आवडलं.

बाहेरून आलेल्यांचं निघालंच आहे तर साऊथ शील्ड्सचा तो दगड. रेजिना या तीस वर्षांच्या बाईचं थडगं. ती दक्षिण ब्रिटनच्या कॅटुव्हेलॉनी जमातीची, आधी दासी होती. तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं बाराटेस यानं, तो सीरियातल्या पाल्मिराचा. दगडावर लॅटिन मजकूर आहे, तो सरकारी पद्धतीचा आणि जरा अडखळत कोरलेला. त्याखाली एक ओळ पाल्मिराच्या अरामेइक लिपीत, झोकदार, सराईत. बाराटेसनं मुक्त केलेली रेजिना, आणि पुढे फक्त हाय हाय. त्या गावात ती ओळ वाचणारे किती असतील? सरहद्दीवरच्या एका ठाण्याला सीरियन तिरंदाजांची पलटण होती खरी, पण ती दूर पश्चिमेला. तरी त्यानं ती कोरून घेतली.

ते सीरियन तिरंदाज जिथे होते ते ठाणं म्हणजे मॅग्ना, मघाशी धान्याचं माप आलं तेच कार्व्होरन. आणि आमच्या बोलण्यातली काळजीची गोष्ट तिथलीच आहे. मॅग्नाच्या लगत दलदल आहे, त्यामुळे जमिनीखाली विंडोलंडासारखाच खजिना असणार असं सगळे धरून चालले होते. पण ती जमीन वाळते आहे. पीट वाळलं की आकसतं, खचतं, भेगा पडतात. भेगांतून हवा जाते, हवेबरोबर जिवाणू, आणि दोन हजार वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. दगडाला काही होत नाही. पायताणं, फळ्या आणि त्यांवरची शाई जाते, आणि ती जाताना वरून काही दिसत नाही. २०२३ पासून तिथे पाच वर्षांचं काम चालू आहे. जमिनीत संवेदक पुरून ओल, पाण्याची पातळी, मातीतले रासायनिक बदल मोजतात, आणि शेजारीच खणूनही बघतात. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथून काही पायताणं निघाली, त्यातलं एक ३२ सेंटिमीटर लांबीचं. वर्तमानपत्रांनी 'राक्षसाचा जोडा' म्हणून बातम्या दिल्या. वाळणाऱ्या मातीची बातमी त्याखाली बारीक अक्षरात होती.

पूर्वी कोरडा उन्हाळा म्हणजे पुरातत्त्ववाल्यांना लॉटरी वाटे. १९४९ च्या उन्हाळ्यात कॅरॉबरोची दलदल बसली आणि मिथ्र देवाच्या वेदींची डोकी वर दिसू लागली, अख्खं छोटं देऊळ सापडलं. पण एखादा उन्हाळा तसा जाणं वेगळं आणि उन्हाळ्यांची सवयच तशी होणं वेगळं. २०२२ च्या जुलैत ब्रिटनमध्ये नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला. इथे ग्वाल्हेरला मे महिन्यात ४० असलं तर आपण आज जरा बरं आहे म्हणतो, पण स्फॅग्नम तसं म्हणत नाही.

सगळा दोष हवेचाही नाही. गेल्या दोन-तीन शतकांत चराऊ रानासाठी दलदलींतून चर खणून पाणी काढून दिलं. १९२६ पासून कील्डरला सरकारनं लाकडासाठी स्प्रूसची लागवड केली, आणि ती काही दलदलींवरही चढली. आता तिथल्या काही दलदलींमधली ती झाडं काढून, चरांना बांध घालून पाणी परत अडवलं जातं. आम्ही अशी एक दलदल पाहिली. लाकडी पाट्या ठोकून केलेले अगदी साधे बांध, मागे साठलेलं काळं पाणी, आणि त्यावर पोपटी स्फॅग्नम पसरायला लागलेलं. आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामासारखंच, फक्त तिथे पाऊस भरपूर असून पाणी अडवावं लागतं.

मॅग्नाबद्दल प्रश्न अवघड आहे. सगळं आत्ताच खणून काढावं, तर निघालेलं ओलं लाकूड आणि चामडं टिकवायला पैसा, माणसं, प्रयोगशाळा लागतात, आणि उद्याच्या लोकांची साधनं आपल्यापेक्षा चांगली असतील. १९७३ मध्ये अवरक्त फोटोची सोय नसती तर ती पहिली फळी कोरी म्हणून कोपऱ्यात पडली असती. न खणता ठेवावं, तर पन्नास वर्षांनी तिथे काय उरेल याची खात्री नाही. आमच्यातही यावर एकमत नाही. इतिहासवाली म्हणते, खणा. वनस्पतिशास्त्रवाला म्हणतो, आधी चर बुजवा, पाणी परत आणा, मग बघू. तिथल्या एका मार्गदर्शकाला आम्ही विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला की आमच्याकडेही चहाच्या वेळी हेच चालतं.

आता दिवे मालवून काही फोटो दाखवतो. पाठीमागच्या मंडळींनी हवं तर पुढे सरकावं, कारण पहिला फोटो सेवेराच्या पत्राचा आहे आणि शाई फिकी आहे. डावीकडचा मजकूर कारकुनाचा. उजवीकडे अगदी खाली बघा, तिथे अक्षर बदललंय.